शपथविधीनंतरचे पहिले सत्र

आदरणीय मावशी,

तुमचे सदर माझी आजी मला नाशिकहून नियमित पाठवते आणि तुम्ही पूर्वी टांझानियात शिकवत होता हे तिच्याकडूनच कळले, म्हणून हे पत्र. माझा जन्म नाशिकचा. दहाव्या वर्षी आईबाबांबरोबर न्यू जर्सीला गेले, तिथेच शिकले आणि अमेरिकेची नागरिक झाले. आता वय चोवीस. गणिताची पदवी घेऊन पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेत, स्वयंसेवक शिक्षिका म्हणून निवडली गेले आणि गेले जवळजवळ तीन महिने टांझानियातल्या टांगा भागातल्या एका कुटुंबात राहून स्वाहिलीचे आणि अध्यापनाचे प्रशिक्षण घेत आहे. नोव्हेंबरात शपथविधी आहे, त्यानंतर न्जोंबे भागातल्या एका खेड्यातील सरकारी माध्यमिक शाळेत दोन वर्षे गणित शिकवायचे आहे. शाळा एकदा पाहून आले. मुख्याध्यापकांनी फॉर्म वन आणि फॉर्म टूचे, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या दोन इयत्तांचे, सगळे गणित, आठवड्याला तीस तासिका, माझ्या नावावर टाकले आहे. एका तुकडीत ब्याण्णव मुले आहेत. भाषेची तोंडी परीक्षा उत्तीर्ण झाले, पण स्टाफरूममधले बोलणे कळत नाही. सगळे मला ‘म्हिंदी’, म्हणजे भारतीय, म्हणतात आणि मी खरी अमेरिकन नाही म्हणून जरा हिरमुसतात. त्या भेटीत एका शिक्षकाने उशिरा आलेल्या मुलांना छडीने मारले आणि मी गप्प उभी राहिले, ते डोक्यातून जात नाही. ग्रंथालय, मुलींचे मंडळ, संगणक खोली, भाजीची बाग असे पुष्कळ मनात आहे, आणि त्याच वेळी आपल्या हातून काहीच होणार नाही असेही वाटते. आई म्हणते, नाही जमले तर सरळ परत ये. मी काय करावे?

*

तुमचे वय माझ्या धाकट्या भाचीएवढे असेल, तरी सदराच्या रिवाजाप्रमाणे तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणते. पत्र हाती आले तेव्हा शपथविधीला आठच दिवस उरले होते, म्हणून हे उत्तर आधी तुम्हाला पाठवले आणि मग येथे छापायला दिले. तुम्ही बरेच प्रश्न विचारले आहेत. माझ्या मते खरोखर तातडीचा प्रश्न त्यांत आलेलाच नाही, आणि तो म्हणजे जानेवारीत त्या ब्याण्णव मुलांपुढे उभे राहून गणित कोणत्या भाषेत शिकवायचे. त्याकडे येतेच. पण त्याआधी मधल्या दोन महिन्यांविषयी बोलायला हवे, कारण नव्या शिक्षकाचे पाय डगमगतात ते बहुधा वर्गात नव्हे, वर्ग सुरू होण्याआधी.

प्रशिक्षणाच्या काळात तुम्हाला सांभाळणे हे कोणाचे ना कोणाचे काम होते. यजमान आईने आंघोळीचे पाणी तापवून ठेवले, भाषेच्या शिक्षकाने चुकलेली क्रियापदे दुरुस्त केली, संध्याकाळी मन मोकळे करायला बरोबरीचे प्रशिक्षणार्थी होते. शपथ घेतल्यावर संस्थेची गाडी तुम्हाला, तुमच्या ट्रंकेला आणि गादीला शाळेच्या आवारात उतरवून निघून जाईल आणि त्या क्षणापासून तुमच्याकडे लक्ष देणे हे कोणाचेही काम राहणार नाही. शाळेचे लोक वाईट म्हणून नव्हे. नोव्हेंबरात फॉर्म टू आणि फॉर्म फोर यांच्या राष्ट्रीय परीक्षा असतात, शिक्षक पर्यवेक्षणात गुंतलेले असतात, डिसेंबरात शाळेला सुटी लागते आणि नवे वर्ष जानेवारीत सुरू होते. म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही तीन महिने कंबर कसली ते काम पहिले सहा-आठ आठवडे नसतेच. या रिकामपणात माणूस स्वतःला निकामी समजू लागतो आणि मग काहीतरी करून दाखवण्यासाठी ग्रंथालयाच्या देणग्यांचे अर्ज लिहायला घेतो.

तसे करू नका. पहिल्या सत्रात शिकवण्याखेरीज दुसरे काहीही अंगावर घेऊ नका, आणि शाळा भरेपर्यंतच्या दिवसांत फक्त गावाला तोंडओळख द्या. रोज सकाळी स्टाफरूममध्ये जाऊन बसा. सगळ्यांना नमस्कार करा, आणि येथे मराठी घरात वाढल्याचा तुम्हाला चांगला उपयोग होईल. ‘शिकामू’ हा शब्द तुम्ही पहिल्याच आठवड्यात शिकला असाल. ‘तुमचे पाय धरते’ असा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि ‘मराहबा’ हे त्यावरचे मोठ्यांचे उत्तर. आपल्याकडे वाकून नमस्कार केल्यावर मोठे माणूस आशीर्वाद दिल्याशिवाय राहत नाही, तशातलाच हा प्रकार. बरोबरीचे अमेरिकन स्वयंसेवक हा शब्द मुख्याध्यापकांपुरता ठेवतात असे मी पाहिले आहे. तुम्ही तो शाळेच्या स्वयंपाकिणीला म्हणा, रात्रीच्या राखणदाराला म्हणा, पाण्याच्या नळावर भेटणाऱ्या प्रत्येक वयस्क बाईला म्हणा. शिक्षिका असून राखणदाराला शिकामू घालते ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते, आणि गावात राहायला लागणारे निम्मे भांडवल त्यात जमा होते.

स्टाफरूममधले बोलणे कळत नाही याचा फार विचार करू नका. तोंडी परीक्षेतले स्वाहिली आणि चहाच्या वेळचे स्वाहिली यांत आपल्या पुस्तकी मराठीत आणि नाक्यावरच्या मराठीत असते तेवढे अंतर असते, आणि त्या डोंगराळ मुलखात शिक्षक आपापसांत मध्येच स्थानिक भाषेतही शिरतात. महत्त्वाचे तेवढे ऐकायची सवय लावून घ्या. वेळेच्या बाबतीत तर कान फारच जागे ठेवा. दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजायचे हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवले असेलच, पण माहीत असणे आणि अंगवळणी पडणे यांत फरक आहे. मी नवी असताना निरोप आला की बैठक ‘सा नाने’ला आहे. नाने म्हणजे आठ, एवढे मला येत होते. सकाळी आठला हजर झाले. तिथला आठवा तास म्हणजे दुपारचे दोन. राखणदाराने चूक सांगून मला ओशाळवाणे करण्याऐवजी खुर्ची आणून दिली, भाजलेला कसावा दिला आणि मध्यंतरीच्या सहा तासांत स्वतःच्या पाचही मुलांची माहिती सांगितली. त्या दिवशी मला जेवढे स्वाहिली आले तेवढे नंतरच्या महिन्याभरात आले नाही.

तीस तासिकांचे काय करायचे ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठरते, आणि तिथे तुम्हाला हजर राहावे लागेल. या शाळांमध्ये वेळापत्रक मोठ्या मनिला कागदावर पेन्सिलीने आखले जाते आणि ते आखणारे गृहस्थ मुख्याध्यापक नसून अॅकॅडमिक मास्टर असतात. तक्रार घेऊन मुख्याध्यापकांकडे जाण्यापेक्षा पट्टी आणि खोडरबर घेऊन यांच्या शेजारी जाऊन बसा व रेघा मारू लागा. त्यांना माणूस हवाच असतो. रेघा मारता मारता सांगा की ब्याण्णव वह्या आठवड्यातून एकदा तरी तपासायच्या तर तीस तासिका झेपणार नाहीत, वीस घेईन आणि नीट घेईन. आणि त्याहून महत्त्वाचे, शाळेत पूर्वीपासून गणित घेणारा जो कोणी शिक्षक आहे त्याच्याकडे निदान एक तुकडी राहील असे पाहा. परदेशी स्वयंसेवक आला की ‘आता गणिताची चिंता मिटली’ असे समजून असलेला शिक्षक दुसऱ्या विषयाकडे किंवा दुसऱ्या शाळेत जातो, आणि दोन वर्षांनी स्वयंसेवक परतला की शाळेत गणित शिकवणारे कोणीच उरत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही, पण तो टाळणे बऱ्याच अंशी तुमच्या हाती आहे.

आता भाषेकडे येते. टांझानियात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत होते आणि माध्यमिक शाळेचे माध्यम एकदम इंग्रजी होते. तुमच्यापुढे जानेवारीत बसणारी मुले सात वर्षे बेरीज-वजाबाकी स्वाहिलीतून करून आलेली असतील आणि त्यांचे गणिताचे पुस्तक, फळ्यावरचे उदाहरण आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका हे सारे रातोरात इंग्रजीत गेलेले असेल. सुरुवातीला इंग्रजीची ओळख करून देणारे काही आठवडे असतात, पण तेवढ्याने सात वर्षांची दरी बुजत नाही. फॉर्म फोरच्या परीक्षेत गणितात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे इतर विषयांच्या तळाशी राहिले आहे, त्याला मोठी पटसंख्या आणि शिक्षकांचा तुटवडा ही कारणे आहेतच. परंतु वर्गात उभे राहिलेल्या कोणालाही पहिल्या आठवड्यात दिसते ते कारण भाषेचे असते. आपल्याला हे नवे नाही. दहावीपर्यंत लघुकोन आणि विशालकोन म्हणत आलेले मराठी शाळेतले हुशार मूल अकरावी विज्ञानाच्या वर्गात ‘अक्यूट’ आणि ‘ऑब्ट्यूस’ ऐकून कसे मुके होते हे तुमच्या आजीला विचारा. त्या मुलाला निदान वर्तमानपत्रात, दूरचित्रवाणीवर, दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी भेटत असते. तुमच्या खेड्यातल्या मुलीला ते शाळेच्या फाटकाबाहेर भेटत नाही.

मला हे कसे समजले ते सांगते. १९८४ साली पतीच्या नोकरीमुळे आम्ही टांझानियातल्या इरिंगा गावी होतो. तेव्हा साबण-साखरेपासून खडूपर्यंत सगळ्याची टंचाई होती आणि जवळच्या सरकारी शाळेला गणिताचा शिक्षक मिळत नव्हता, म्हणून मी बिनपगारी शिकवायला जाऊ लागले. बी.एड. करून आले होते, आत्मविश्वास दांडगा होता. पहिल्या दिवशी ‘अँगल’ या एका शब्दावर मी चाळीस मिनिटांची अख्खी तासिका बोलले. मध्ये मध्ये ‘समजले का?’ असे इंग्रजीत विचारी आणि सारा वर्ग एका सुरात ‘येस, मॅडम’ म्हणे. शेवटी फळ्यावर एक त्रिकोण काढून विचारले, याला कोन किती? शांतता. खिडकीशी बसलेला एक मुलगा शेजाऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटला. मी त्याला दरडावून उभे केले आणि काय म्हणालास ते सर्वांना सांग म्हटले. तो म्हणाला, ‘पेंबेटाटू.’ वर्ग हसला, मला वाटले माझी थट्टा केली, मी त्याला खाली बसवले आणि तास संपवला.

चहाच्या वेळी जीवशास्त्राच्या बाईंना तो शब्द विचारला. पेंबे म्हणजे शिंग, कोपरा, आणि गणितात कोन. टाटू म्हणजे तीन. त्रिकोणाला स्वाहिलीत म्हणतात पेंबेटाटू. आपल्या त्रिकोणाप्रमाणेच उत्तर नावात बसलेले होते, ते त्या मुलाने मला दिले होते आणि मी त्याला गप्प केले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर त्याला पुन्हा उभे केले, सर्वांसमोर ‘चूक माझी होती’ असे मोडक्यातोडक्या स्वाहिलीत सांगितले आणि फळ्याच्या उजव्या बाजूला एक उभी रेघ मारून तिच्यापलीकडे तो शब्द लिहिला. तो उजवा रकाना मी पुढची तीन वर्षे पुसला नाही. परिमिती म्हणजे म्झिंगो, क्षेत्रफळ म्हणजे एनेओ, अपूर्णांक म्हणजे सेहेमू, असे एकेक शब्द मुलांनीच मला दिले.

माझा सल्ला असा की तुम्ही हाच रकाना पहिल्या दिवसापासून ठेवावा. समजावून सांगताना स्वाहिली मोकळेपणाने वापरा, पण उदाहरणाची शेवटची ओळ मात्र इंग्रजीतच लिहवून घ्या, कारण परीक्षा इंग्रजीत आहे आणि त्या मुलांची सुटका त्यातून होणार नाही. ‘समजले का?’ हा प्रश्न विचारणे कायमचे सोडा. त्याला एकच उत्तर येते. त्याऐवजी एखाद्या मुलाला फळ्याशी बोलावून तेच उदाहरण शेजाऱ्याला स्वाहिलीत समजावायला लावा आणि तुम्ही मागच्या बाकावर जाऊन ऐका. काही शाळांत आवारात फक्त इंग्रजी बोलावे असा नियम असतो आणि स्वाहिली बोलणाऱ्याला शिक्षाही होते, म्हणून हे सुरू करण्यापूर्वी अॅकॅडमिक मास्टरांच्या कानावर घाला. मुलांना गुण मिळावेत म्हणून करते, असे सांगितले की सहसा कोणी हरकत घेत नाही.

शब्द जमवताना एक आनंदही तुमच्या वाट्याला येईल, आणि तो तुमच्या बरोबरीच्या स्वयंसेवकांना मिळणार नाही. स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, पैशाला पेसा, साबणाला साबुनी, दुकानाला दुका, रंगाला रांगी, लाखाला लाकी, विम्याला बीमा आणि हिशेबाला हेसाबू. काही शब्द आपल्याकडे आणि त्यांच्याकडे अरबी-फारसीतून आले, काही आपल्या किनाऱ्यावरून गलबतांत बसून तिकडे गेले. हे सांगून मी ‘म्हिंदी’ या शब्दाकडे येते.

तो शब्द शिवी नाही, भारतीय माणसाला तिकडे सर्रास हाच शब्द वापरतात. पण त्यात अंतर आहे, आणि त्या अंतराला इतिहास आहे. गुजरात-कच्छमधले व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या तिथे दुकाने चालवत आले, गोव्याहून गेलेले लोक कारकून आणि शिंपी म्हणून नावाजले, आणि खेड्यातल्या माणसाला भारतीय भेटला तो बहुतेक वेळा गल्ल्याच्या पलीकडे बसलेला. १९७१ मध्ये मालकांनी भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्यावर अनेक भारतीय कुटुंबे देश सोडून गेली. तुमच्याकडे पाहताना लोकांच्या मनात हे सारे असते, आणि शिवाय अमेरिकन म्हणजे गोरा हा चित्रपटांनी दिलेला समजही असतो. पारपत्र दाखवून वाद घालू नका. माझी आजी भारतात राहते, आईबाबा अमेरिकेत आणि मी येथे, एवढे एक वाक्य स्वाहिलीत घोटून ठेवा. कुटुंबाची अशी पांगापांग तिथल्या लोकांना चटकन समजते, कारण त्यांचीही मुले दार-एस-सलामला आणि त्यापलीकडे गेलेली असतात. आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. गल्ल्याच्या अलीकडे, त्यांच्याच बाकावर बसून, त्यांच्याबरोबर उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, खाणारी म्हिंदी अनेकांनी कधी पाहिलेलीच नसते. तुम्ही खरी अमेरिकन वाटत नाही याचे मला तरी वाईट वाटत नाही.

छडीविषयी मला तुम्हाला स्पष्ट सांगायचे आहे आणि ते तुम्हाला कदाचित अपुरे वाटेल. टांझानियात शाळेतली छडी कायद्याने बंद नाही. नियम एवढाच आहे की ती मुख्याध्यापकाने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या शिक्षकाने द्यावी, चारपेक्षा जास्त फटके देऊ नयेत आणि त्याची नोंद ठेवावी. प्रत्यक्षात हा नियम किती पाळला जातो ते तुम्ही पहिल्याच भेटीत पाहिले. आपल्याकडेही शारीरिक शिक्षेवर शिक्षणहक्क कायद्याने बंदी आणली ती २००९ साली, म्हणजे मी शाळेत शिकवू लागले त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि माझ्या उमेदीच्या काळात मीही पट्टी उगारलेली आहे. त्यामुळे तिथल्या शिक्षकांना रानटी समजण्याचा अधिकार मला नाही. तुम्ही परिपाठाच्या वेळी सर्वांदेखत कोणाचा हात धरलात तर त्या शिक्षकाची मान खाली जाईल आणि छडी तुमच्या पाठीमागे अधिक जोरात चालेल. तेव्हा गप्प उभे राहिलात याबद्दल स्वतःला कोसू नका.

मात्र एक काम पहिल्याच आठवड्यात करा. मुख्याध्यापकांना एकटे गाठून आदराने सांगा की मी मारणार नाही आणि माझ्या वर्गातल्या गोष्टींसाठी दुसऱ्या कोणाकडून मार देववणारही नाही. या वाक्याचा उत्तरार्ध फार महत्त्वाचा आहे. अनेक चांगले परदेशी शिक्षक स्वतः छडीला हात लावत नाहीत, पण गृहपाठ न करणाऱ्यांची यादी निमूटपणे डिसिप्लिन मास्टरांकडे देतात आणि दुसरीकडे पाहतात. ती छडी त्यांचीच असते. वह्या न आणणाऱ्या मुलांना तुम्ही शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून त्याच दिवशी उदाहरणे सोडवून घ्या. सुरुवातीला मुले तुम्हाला नरम समजतील, गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातला शिक्षक येऊन डोकावून जाईल. साधारण ईस्टरच्या सुटीपर्यंत हे चालते, मग मुलांना शिस्त लागते. वेळ पडल्यास मुलांचे पाणी आणायला किंवा गवत कापायला जाणे शिक्षा म्हणून तुम्ही मान्य कराल की नाही हे मात्र तुमचे तुम्ही ठरवा. मी करत असे आणि आजही मला त्यात फारसे गैर वाटत नाही, माझ्या मुलीला वाटते.

ग्रंथालय, मंडळ, संगणक खोली आणि बाग यांच्याविषयी एवढेच म्हणते की ही यादी दुसऱ्या वर्षाच्या वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षापर्यंत तुम्हाला कळलेले असेल की शाळेत एक कुलूपबंद कपाट आहे, त्यात पुस्तके आहेत, आणि प्रश्न पुस्तकांचा नसून किल्ली कोणाकडे असते हा आहे. तोवर हाती एकच मोजमाप धरा. तुमची सेवा दोन वर्षांची, आणि जानेवारीत फॉर्म वनमध्ये येणारी मुले पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात फॉर्म टूची राष्ट्रीय परीक्षा देतील. तुमची निघायची वेळ आणि त्यांची परीक्षा जवळजवळ एकाच सुमारास येते. ती एक तुकडी वेळापत्रकात मागून घ्या, काही झाले तरी दोन्ही वर्षे सोडू नका, आणि ‘दोन वर्षांत मी काय केले’ हा प्रश्न जेव्हा जेव्हा सतावील तेव्हा त्या मुलांच्या जानेवारीतल्या वह्या आणि आताच्या वह्या शेजारी ठेवून पाहा.

पैशांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी थोडे सांगून ठेवते. लग्नासाठी ‘म्चांगो’, म्हणजे वर्गणी, मागणारी छापील कार्डे तुमच्या हातात येऊ लागतील, सहकारी पगाराआधी उसने मागतील. उसने देऊ नका, ते परत मागताना मैत्री जाते. म्चांगो थोडा का होईना, सर्वांना सारखा द्या. परंतु गावात कोणी गेले तर तासिका सोडूनही ‘म्सिबा’ला, म्हणजे दुखवट्याला, जा, बायकांबरोबर चटईवर बसा आणि ‘रांबीरांबी’चे, म्हणजे सांत्वनाच्या पैशांचे, पाकीट ठेवा. तिथे काही बोलावे लागत नाही.

तुमच्या आईंचे बोलणे मी चूक म्हणणार नाही. मध्येच परतणारे स्वयंसेवक असतात आणि त्यात नामुष्की काही नाही, फक्त तो निर्णय पहिल्या रिकाम्या डिसेंबरात आणि आजारपणात घेऊ नये, एवढे पथ्य पाळा. त्यांना धीर यावा म्हणून एक गोष्ट कळवा. पीस कोअर १९६१ साली सुरू झाली तेव्हा तिच्या अगदी पहिल्या तुकड्यांपैकी एक तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, उतरली होती, आणि त्याच वर्षापासून १९७६ पर्यंत तिचे स्वयंसेवक भारतातही येत होते. त्यांच्यात एक परिचारिका होत्या, लिलियन कार्टर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई. अडुसष्टाव्या वर्षी घरदार सोडून त्या मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या वसाहतीत आल्या आणि दवाखान्यात काम करत राहिल्या. त्या वेळी काळजी करायची पाळी मुलांची होती.

शेवटचे दोन व्यवहार टांगा भागातच उरकून घ्या. न्जोंबे उंचावर आहे आणि जून-जुलैत तिथे बोचरी थंडी पडते. किनाऱ्याजवळच्या उकाड्यात हे कोणी सांगितले तरी पटत नाही. ‘मितुंबा’च्या, म्हणजे वापरलेल्या कपड्यांच्या, बाजारातून जुने पण जाड स्वेटर दोन आणि एक घोंगडी घ्या. आणि शपथविधीला यजमान आईला न्याल तेव्हा तिच्यासाठी कांगा, म्हणजे तिथल्या बायका गुंडाळतात ते छापील सुती वस्त्र, घ्या. कांगा जोडीने मिळते आणि प्रत्येकीवर काठाशी एक ओळ छापलेली असते. कधी ती मायेची असते, कधी देवाची, कधी शेजारणीला किंवा सवतीला मारलेला टोमणा. ती ओळ वाचल्याशिवाय विकत घेऊ नका, नाही समजली तर दुकानदाराला मोठ्याने वाचून अर्थ सांगायला लावा. मी एकदा रंगावर भाळून शेजारणीला दिलेल्या कांगेवर ‘तुझा मत्सर तुझ्यापाशीच ठेव’ अशा अर्थाची ओळ होती. तिने ती माझ्यासमोरच वाचली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि दुसऱ्या दिवशी तीच नेसून पाण्याच्या नळावर आली.